गाठीचं माप

सकाळी सहा

उन्हाच्या आधी माप घ्यायचं असतं, म्हणून जानेवारीच्या थंडीतही आमचा दिवस इतक्या लवकर सुरू होतो. पुण्यातल्या आमच्या कॉलेजच्या मागच्या मोकळ्या जागेत कळक जातीच्या बांबूच्या दुपदरी कामट्यांच्या तीन कमानी उभ्या आहेत. तिन्हींची लांबी-उंची सारखी, तिन्हींच्या माथ्याला टांगलेली वाळूची पोती सारख्याच वजनाची. फरक आहे तो जोडाचा. पहिल्या कमानीतल्या कामट्या सुंभाने बांधल्या आहेत, दुसरीतल्या नायलॉनच्या दोरीने, तिसरीत भोक पाडून बोल्ट घातले आहेत. माथ्यावरून ओळंबा सोडलाय आणि त्याच्या टोकाशी स्टीलची पट्टी उभी केली आहे. एक विद्यार्थिनी मोबाइलचा उजेड धरते, मी आकडा वाचते, दुसरी वहीत उतरवते.

बांबू रात्री हवेतला ओलावा घेतो आणि दिवसा सोडतो, त्यामुळे आकडा दिवसभर हलत राहतो. आज सहाला आणि उद्या नऊला माप घेतलं तर दोन्ही मापं फुकट. शिवाय वजन अंगावर कायम राहिलं की बांबू हळूहळू वाकत जातो आणि वजन काढल्यावरही पूर्ण मागे येत नाही. एवढं पुस्तकात मिळतं. पण आपल्या हवेत, या जातीच्या बांबूत, या जोडाने तो किती वाकेल, हे कमान उभी करून रोज वाचल्याशिवाय कळत नाही.

बोल्टच्या कमानीत भोकापासून निघालेली बारीक चीर आज पुढच्या पेरापर्यंत पोचली आहे. बांबूचे तंतू सगळे उभे, एकाच दिशेने धावणारे. भोक पडलं की ते तुटतात आणि चीर त्यांच्याच वाटेने सरकत जाते. पेराशी येऊन ती थांबते का, हे आता पाहायचं. चिरेची लांबी, तारीख, वेळ, हवेतली आर्द्रता, सगळं लिहून झालं.

महोत्सवात, मॉलमध्ये, विमानतळावर इन्स्टॉलेशन पाहणाऱ्या बहुतेकांना ती फोटो काढायची जागा वाटते, आणि ते करणाऱ्या बऱ्याच जणांनाही. मला ते अजिबात पटत नाही. इमारत बांधताना प्रयोग करायला फार थोडी जागा असते, कारण तिथे कुणाचे तरी पैसे अडकलेले असतात आणि कुणीतरी राहायला येणार असतं. कागदावरचा नकाशा आणि टेबलावरचं मॉडेल मात्र काही बाबतींत फसवतात. एकास पन्नास प्रमाणातल्या मॉडेलमधली गाठ कधी सैल होत नाही. या दोघांच्या मधे, खऱ्या आकाराची, खऱ्या साहित्याची, पण कुणाच्या डोक्यावर छप्पर म्हणून नसलेली अशी एक वस्तू हवी असते. चांगलं इन्स्टॉलेशन म्हणजे ती वस्तू, आणि तिला विचारायचा प्रश्न आधी ठरलेला असावा लागतो.

आमचा प्रश्न असा: सपाट बांधलेली कामट्यांची जाळी उचलून घुमटाकार करताना जी गाठ कात्रीसारखी फिरू देते, तीच गाठ उचलून झाल्यावर घट्ट धरून ठेवू शकते का?

साडेसात

काका आले. पुण्याच्या बुरूड आळीत टोपल्या, सुपं, रोवळ्या, परड्या करण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि गणपतीच्या दिवसांत ते मांडव बांधायलाही जातात. म्हणजे विणणं आणि बांधणं, बांबूची दोन्ही अंगं त्यांच्या हातात आहेत. चहा झाल्याशिवाय कोयत्याला हात लावत नाहीत. चहा पिता पिता कालच्या बांबूंवर नजर फिरते. एक बाजूला काढतात.

"हा नका घेऊ ताई. कोवळा आहे, वर्षाचाच. वाळला की सुरकुत्या पडतील."

"कशावरून, काका?"

"पेराजवळ बघा, अजून पांढरी भुकटी आहे. आणि वाजवून बघा."

दोन बांबूंवर ते कोयत्याची पाठ आपटतात. जून बांबू खणखणीत वाजतो, कोवळा बद्द. तीन-चार वर्षांचा बांबूच घ्यावा हे आमच्या टिपणांतही आहे, पण बांबूवर जन्मतारीख लिहिलेली नसते. विद्यार्थी आता प्रत्येक बांबू वाजवून त्याचा आवाज मोबाइलवर घेताहेत. नंतर कापून त्यातला ओलावा मोजायचा आणि आवाजाशी ताडून पाहायचा. ही कल्पना एका दुसऱ्या वर्षातल्या मुलाची, आणि मला ती फार मोलाची वाटते.

मग कामट्या काढणं. हे पाहायला मी हातातलं काम सोडून उभी राहते. काका शेंड्याकडून सुरुवात करतात. कोयत्याचं पातं टोकावर टेकवून वर लाकडाचा एक ठोका, चीर पडते. मग कोयता किंचित पिरगळत पुढे सरकवायचा, आणि प्रत्येक पेराशी फट्‌ असा आवाज. अर्ध्या वाटेत चीर एका बाजूला झुकायला लागली, म्हणजे एक कामटी जाड आणि दुसरी पातळ व्हायला लागली. काका थांबले नाहीत. जाड बाजूचा भाग त्यांनी गुडघ्यावर दाबून जास्त वाकवला, पातळ बाजू तशीच सरळ ठेवली, आणि चीर आपोआप मधे परत आली. जो भाग जास्त वाकतो त्याच्याकडे चीर ओढली जाते. भंग कुठून कुठे जातो हा पदार्थविज्ञानातला मोठा विषय आहे, आणि इथे तो एका गुडघ्यावर सुटत होता. आम्ही ते चित्रित केलं, कोन मोजला, काकांना पुन्हा करायला लावलं.

"कितीदा दाखवू?" ते म्हणाले, पण दाखवलं.

कामटीची सालीकडची बाजू गुळगुळीत आणि चिवट असते, कारण तंतू तिथेच दाट असतात. आतली बाजू मऊ. वाकवताना साल बाहेर ठेवायची, म्हणजे ताण दाट तंतूंवर येतो. घरी आकाशकंदील केलेल्या प्रत्येकाच्या बोटांना हे माहीत असतं. आमच्या वर्गात यंदा तसा कंदील केलेली मुलं फार थोडी निघाली.

नऊ

वर्गात छताला साखळ्यांची जाळी टांगली आहे. बारीक साखळ्या, दर कडीला छोटं वजन, चारी कोपरे वर अडकवलेले. टांगलेल्या साखळीत फक्त ओढ असते, दाब नसतो. तिचा आकार तसाच गोठवून उलटा केला की फक्त दाब उरतो, म्हणजे कमान मिळते. रॉबर्ट हूकने हे १६७५ च्या सुमारास अक्षरांची उलटापालट करून कोड्यात छापलं होतं. अंतोनी गाउदीने बार्सिलोनाजवळच्या कोलोनिया ग्वेलच्या चर्चसाठी दोऱ्या आणि शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या टांगून वर्षानुवर्षं असंच एक प्रचंड मॉडेल उभं केलं. ते चर्च पूर्ण झालं नाही, पण त्या टांगत्या मॉडेलने त्याला जे शिकवलं ते पुढे साग्रादा फामिलियाच्या कामी आलं. ते मॉडेल म्हणजे खोलीभर पसरलेलं इन्स्टॉलेशनच होतं.

संगणकावर हेच काही सेकंदांत होतं आणि आम्ही तेही करतो. पण मी मुलांना आधी साखळी हाताळायला लावते. एक वजन सरकवलं की सगळी जाळी हलते, हे डोळ्यांनी पाहिलं की मग पडद्यावरचा आकार कुठून आला ते कळतं. जर्मनीतल्या श्टुटगार्ट विद्यापीठातले आखिम मेंगेस आणि यान क्निपर्स यांच्या संस्था विद्यार्थ्यांना घेऊन संशोधन मंडप बांधतात. २०१० च्या त्यांच्या मंडपात साडेसहा मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडच्या पट्ट्या वाकवून एकमेकींत अडकवल्या होत्या. वाकवताना पट्टीत साठलेला ताण हाच त्या मंडपाचा आधार. एरवी इमारतीत असा ताण दोष मानला जातो, तिथे तो कामाला लावला गेला. त्यांच्याकडे यंत्रमानव आहेत, आमच्याकडे काका आहेत. प्रश्न मात्र एकाच जातीचा आहे, आणि तो आम्हीही तितक्याच काटेकोरपणे विचारला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

साडेदहा

जाळी जमिनीवर पसरलेली आहे. सपाट, चौकोनी, पन्नास सेंटिमीटरची घरं, बाजूला साधारण साडेपाच मीटर. आज ती उचलायची.

सपाट जाळीचा घुमट करायचा तर तिची चौकोनी घरं शंकरपाळ्यासारखी तिरपी व्हावी लागतात. मधली घरं थोडी तिरपी होतात, कोपऱ्यांकडची पुष्कळ. म्हणून उचलताना प्रत्येक गाठीला फिरता आलं पाहिजे. गाठ आधीच आवळून टाकली तर कामटी मोडते, फार सैल ठेवली तर कामट्या एकमेकींवरून घसरतात आणि आकारच बिघडतो. जर्मनीतल्या मानहाइमच्या मोठ्या लाकडी छतात यासाठी लांबट भोकं पाडून बोल्ट घातले होते आणि उचलून झाल्यावर ते आवळले होते. बांबूला भोक नको, हे सकाळच्या चिरेने सांगितलंच आहे.

सुंभाची नेहमीची मांडवाची गाठ दोन्ही कर्णांवर वेढे घेते. पहिल्या छोट्या नमुन्यात आम्ही तशाच गाठी घातल्या होत्या. कामट्यांमधला कोन नव्वदावरून सत्तर अंशांवर आला की एका कर्णावरचे वेढे ताणले जातात आणि दुसऱ्यावरचे ढिले पडतात. कागदावर भूमिती मांडली की हे दिसतं. पण त्यावर उपाय भूमितीतून आला नाही, काकांकडून आला. नमुना पाहून ते म्हणाले, "दोन्हीकडून आत्ताच कशाला बांधता? आत्ता एका अंगाने बांधा. उभं राहिलं की दुसऱ्या अंगाने बांधू, आणि मग मधून फास मारू."

म्हणजे गाठ दोन टप्प्यांत. जमिनीवर एकाच कर्णाचे वेढे, बेताचे घट्ट. उभारल्यावर दुसऱ्या कर्णाचे, आणि शेवटी दोन कामट्यांच्या मधून आडवे दोन फेरे, जे आधीचे सगळे वेढे आवळून धरतात. ऐकायला साधं आहे. पण बांधायचा क्रम हा रचनेचा भाग असतो, ही गोष्ट आमच्या नकाशांत कुठे दाखवलेलीच नसते. आता आम्ही गाठीचे दोन नकाशे काढतो, आधीचा आणि नंतरचा.

उचलताना सगळे हात लागतात. मधे आठ जण, हातात बेळकी. कडेला बाकीचे, कोपरे आत सरकवायला.

"ओढू नका," काका ओरडतात, "नुसतं सरकवा. ती आपली आपण वर येते."

आणि ती येते. कोपरे वीतभर आत आले की मधला भाग हातभर वर उचलला जातो. सगळीकडून बारीक करकर ऐकू येते, सुंभाच्या काथ्याची. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात एक कामटी बाकीच्यांपेक्षा जास्त वाकलेली दिसते. काका धावत जातात, तिथली एक गाठ बोटाने चाचपतात, वेढ्याखाली कोयत्याचं टोक घालून किंचित सैल करतात. कामटी सुटल्यासारखी सरकते आणि शेजारणींच्या रांगेत येऊन बसते. कडेला जमिनीत रोवलेल्या माणग्याच्या खुंट्यांना टोकं बांधली जातात. माणगा हा बांबू सिंधुदुर्गातून आणला आहे. जवळजवळ भरीव असतो, म्हणून खुंट्यांना तोच.

मग दुसऱ्या कर्णाचे वेढे आणि फास. हे काम लांबलं, जेवायची वेळ टळून गेली. मुलींच्या बोटांना काथ्याने ओरखडे पडले आहेत, पण कुणी जागचं हललं नाही.

दीड

डबे उघडले. अशा वेळी मुलं प्रश्न विचारतात, आणि ते वर्गातल्या प्रश्नांपेक्षा खरे असतात. आजचा प्रश्न: "मॅडम, हे शेवटी उतरवायचंच आहे तर याचा उपयोग काय?"

मी शिगेरू बान यांची गोष्ट सांगितली. १९८६ साली टोकियोत आल्वार आल्तोवरच्या प्रदर्शनाची मांडणी त्यांच्याकडे होती. लाकूड वापरून नंतर फेकून द्यायचं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून त्यांनी कागदाच्या पोकळ नळ्या वापरल्या, छतालाही आणि पडद्यांनाही. त्या नळ्या वाटल्या होत्या त्यापेक्षा खूप मजबूत निघाल्या. मग त्यांनी त्यांच्या चाचण्या घ्यायला सुरुवात केली. १९९५ मध्ये कोबेला भूकंप झाला तेव्हा बेघर झालेल्यांसाठी त्याच नळ्यांची घरं उभी राहिली, पायाला वाळूच्या पोत्यांनी भरलेले बिअरचे क्रेट. २००१ च्या जानेवारीत भुजचा भूकंप झाला आणि ती घरं कच्छमध्येही बांधली गेली. तिथे क्रेट मिळेनात, म्हणून पडलेल्या घरांचा राडारोडा पायात घातला, आणि छताला चिरलेल्या बांबूच्या कमानी. एका प्रदर्शनाचं छत पंधरा वर्षांत भुजला पोचलं. ते पोचलं, कारण मधल्या वर्षांत कुणीतरी मोजत होतं, परवानग्या मिळवत होतं, लिहून ठेवत होतं.

"आणि जे मोजता येत नाही त्याचं काय?" ही दुसरी मुलगी.

प्रश्न रास्त आहे. २०१० साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये काही वास्तुकारांना खऱ्या मापाच्या छोट्या जागा बांधायला बोलावलं होतं. बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईने तिथे मुंबईतल्या एका चिंचोळ्या घराचा साचा उभा केला. दोन भिंतींमधल्या पट्टीत बसवलेलं घर, अरुंद खोल्या. त्यात शिरल्यावर लंडनच्या माणसाला भिंती अंगाजवळ आल्यासारख्या वाटत. खोली किती फुटांची हे सांगून जे कळत नाही ते खांद्याला कळतं. तेही संशोधनच आहे, माणसं कशी राहतात याचं. पण लक्षात घ्या, असा साचा करायचा तर आधी ते घर मोजावं लागतं.

अडीच

कागदपत्रं. सार्वजनिक ठिकाणी काही उभं करायचं तर स्थैर्याचा दाखला लागतो, आग न लागण्यासाठी काय लेप दिला ते सांगावं लागतं, गर्दी कुठून आत कुठून बाहेर याचा नकाशा द्यावा लागतो. आमचे स्ट्रक्चरल इंजिनिअर आले. बांबूच्या बांधकामासाठी आयएस १५९१२ हे मानक आहे. त्यात बसणारं सगळं गणित त्यांनी तपासलं आहे, पण या गाठीचा आकडा त्यांना कुठल्याच तक्त्यात मिळालेला नाही. "चाचणी घेऊन दाखवा, मग सही करतो," एवढंच ते म्हणतात. त्यांचं बरोबर आहे.

साडेतीन

ज्या चाचणीसाठी सगळा खटाटोप केला, ती आता.

घुमटाला सगळीकडून सारखं वजन फारसं छळत नाही. त्याला खरं पेचात पकडतं ते एकाच बाजूचं वजन, कारण एक बाजू दबली की दुसरी फुगते. म्हणून पूर्वेकडच्या अर्ध्या भागातल्या दहा गाठींना पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे रिकामे कॅन टांगले. प्रत्येक कॅनशी एक विद्यार्थी, हातात मोजपात्र. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, वेगळी वजनं आणायला नको आणि धक्का न देता भार वाढवता येतो. मानहाइमला १९७५ च्या उद्यान प्रदर्शनासाठी फ्राय ओटो यांच्या कल्पनेतून जे छत उभं राहिलं, त्याची चाचणी कचऱ्याच्या डब्यांत पाणी भरून, ते जाळीला टांगून घेतली होती. पाच सेंटिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या, अर्ध्या मीटरची घरं, साठ मीटरपर्यंतचा पल्ला. इतक्या पातळ जाळीवर कुणाचा विश्वास बसेना, म्हणून डबे. ते छत एका हंगामापुरतं होतं, पण पाडलं नाही. आज ते संरक्षित वास्तू आहे.

"पाच लिटर," मी सांगते. दहाही जण एकदम ओततात. सगळे मागे सरकतात. पाच मिनिटं थांबायचं, कारण बांबू लगेच पूर्ण वाकत नाही. मग पाच ठिकाणचे ओळंबे वाचायचे, तीन दबणाऱ्या बाजूचे, दोन फुगणाऱ्या.

दहा लिटर. काका जाळीखाली जाऊन वर बघत उभे राहिले होते, त्यांना हाताला धरून बाहेर काढलं. पाणी ओतून झालं की खाली कुणी थांबायचं नाही, हा नियम सगळ्यांना सारखा आहे.

पंधरा लिटर. कोपऱ्याकडे एक चर्र आवाज झाला. सगळे थबकले. कुठली गाठ, हे काकांनी बोट दाखवून सांगितलं, आमच्यातल्या कुणाला ते ऐकून कळलं नव्हतं. त्या गाठीवर लाल फीत चिकटवली. वाचन चालू.

वीस लिटर. दोनशे किलो पाणी, अर्ध्या घुमटावर. सर्वांत जास्त दबलेली जागा चाळीस मिलिमीटरच्या आत राहिली. गणिताने सांगितलं होतं त्यापेक्षा हे थोडं जास्त आहे. इंजिनिअरांनी मान हलवली, स्वतःच्या कागदावर आकडा लिहिला, आणि विचारलं, "आता उतरवल्यावर?"

खरी परीक्षा ती. पाणी पाच-पाच लिटरने काढलं आणि प्रत्येक वेळी वाचलं. माथा जवळजवळ जागेवर परत आला. कोपऱ्याकडची एक जागा आली नाही, काही मिलिमीटर खाली राहिली. लाल फीत त्याच गाठीला होती.

सहा

गाठ सोडली. काकांनी एकेक वेढा उलगडला, मुलींनी प्रत्येक वेढ्याचा फोटो घेतला. आतला फास बरोबर होता. पण सुंभ कामटीच्या सालीवरून घसरला होता. गुळगुळीत सालीवर त्याचा माग दिसत होता, अगदी बारीक, तपकिरी रेघ. मधल्या गाठींत कामट्या जवळपास काटकोनात राहिल्या होत्या, या कोपऱ्यात कोन सर्वांत लहान झाला होता. तिरप्या कोनात वेढा उताराला लागतो.

काकांनी अंगठा त्या रेघेवरून फिरवला. "इथे साल खरवडायला पाहिजे. बोटभर. मग धरेल."

साल खरवडली की पकड वाढेल, पण सर्वांत चिवट तंतूही जातील. किती खरवडायचं? नखभर की बोटभर? उद्यापासून नवीन तीन कमानी. दिवसभर राबून शेवटी हातात एक जास्त नेमका प्रश्न आला. मला याहून चांगला दिवस सुचत नाही.

साडेसात

घुमटाशेजारी लावायच्या फलकाचा मजकूर ठरवायला बसलो. नावं कोणाची, कोणत्या क्रमाने? हा वाद दरवर्षी होतो आणि व्हायलाच हवा.

अनुपमा कुंडू पुण्यात जन्मल्या, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकल्या. २०१२ च्या व्हेनिस बिएनालेत त्यांनी ऑरोव्हिलमधल्या आपल्या ‘वॉल हाउस’ची खऱ्या मापाची प्रतिकृती उभारली, आणि त्यासाठी भारतातले कारागीर तिथे नेले. घर पाहायला आलेल्यांना ते बांधणारे हातही दिसले. २०१६ मध्ये बिजॉय जैन यांनी मेलबर्नला एमपॅव्हिलियन बांधला. सात किलोमीटर लांबीचा बांबू, सव्वीस किलोमीटर दोरी आणि पाच हजार लाकडी खुंट्या, आणि छताच्या तट्ट्या आपल्या सह्याद्रीत सात वर्षांनी फुलणाऱ्या कारवीच्या काड्यांच्या. हे आकडे जगभरच्या मासिकांत छापून आले. ज्यांच्या हातांनी ती दोरी बांधली त्यांची नावं शोधायला गेलं तर कष्ट पडतात.

आमच्या फलकावर काकांचं नाव विद्यार्थ्यांच्या यादीत नसेल, संशोधक म्हणून पहिलं असेल. दोन टप्प्यांची गाठ ही त्यांची कल्पना आहे, तसंच लिहिलं जाईल. या लेखात नाव नाही, कारण छापील लेखात ते नको असं त्यांनीच सांगितलं. पुण्यात दर भाद्रपदात किती उंच मांडव उभे राहतात, किती पाऊस आणि गर्दी झेलतात! त्या प्रत्येकात अशा कितीतरी गाठी आहेत. दहा दिवसांनी त्या सोडल्या जातात आणि कोणी एक रेघ लिहून ठेवत नाही. शंभर वर्षांहून जुनी ही प्रयोगशाळा आपल्या डोळ्यांसमोर बिननोंदीची चालली आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नऊ

मुलं गेली. आकडे संगणकावर चढवले, फोटोंना क्रमांक दिले, गाठीचे दोन्ही नकाशे पुन्हा काढले. घसरलेल्या गाठीला वेगळं पान दिलं. न जमलेल्या गोष्टींची पानं कुणी छापत नाही, म्हणून पुढचा माणूस त्याच जागी पुन्हा घसरतो. आमच्या वहीची प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात असेल, कुणालाही चाळता येईल, कुणालाही उतरवून घेता येईल.

महोत्सव भरवणाऱ्यांना एक विनंती लिहून पाठवली आहे, तीच इथेही करते. इन्स्टॉलेशनसाठी पैसे देताना त्यातला ठरावीक भाग मोजमाप, नोंद आणि नीट उतरवण्यासाठी वेगळा ठेवा, आणि ती नोंद हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. आणि वाचकहो, मुंबईचा काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून भरतो आहे, इतर शहरांतही असे महोत्सव आता होतात. तिथे गेलात तर फोटो जरूर काढा, पण शेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला तीन गोष्टी विचारा: यात काय मोजलं, हे कोणी बांधलं, आणि याची नोंद कुठे वाचायला मिळेल. उत्तर मिळालं नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा विचारा.